दोरीला बांधलेलं पेन

सौदामिनीचेचीचं पेन दोरीला बांधलेलं होतं. पांढरी सुती दोरी, तिचं एक टोक टेबलाच्या खिळ्याला आणि दुसरं पेनाच्या कमरेला. लांबी अशी मोजून ठेवलेली, की पेन वहीच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचावं आणि त्यापुढे बोटभरही सरकू नये. पुल्लिक्कुन्नूच्या त्या केंद्रात एकोणीस वर्षांत चार डॉक्टर बदलले, दोन जीपा मोडीत गेल्या, कौलं जाऊन पत्रे आले. पेनाची दोरी मात्र कुणाच्या बापाला सोडता आली नाही.

केंद्र म्हणजे काय, तर दोन खोल्या आणि एक पडवी. जी माणसं आता बरी व्हायची नाहीत, त्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, कूस बदलून द्यायची, चार शब्द बोलायचे, हे काम तिथे गावचेच लोक करत. त्यात रिक्षावाले होते, दुकानदार होते, निवृत्त शिक्षिका होत्या. केंद्राकडे सामान होतं थोडं. चाकाच्या अकरा खुर्च्या, काही हवेच्या गाद्या आणि ऑक्सिजनची चार मशीन. कुठली वस्तू कुणाच्या घरी आहे आणि मागे कोण थांबलंय, हे सगळं त्या एका वहीत. वहीत लिहिल्याशिवाय तिथून वॉकरचं रबरसुद्धा बाहेर पडत नसे. वही सांभाळणारी सौदामिनीचेची, म्हणजे सौदामिनीताई, मुळात अंगणवाडीची बाई. चाळीस पोरांना एका ओळीत बसवायची सवय, ती काय जाते होय?

तर या वहीच्या जागी वेबसाइट आणायची, असं संक्रांतीनंतर, त्या मकर महिन्यात ठरलं आणि काम आलं प्रीजाकडे.

प्रीजा छत्तीस वर्षांची. नवरा मस्कतला, आणि ही कोचीच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. काम चांगलं होतं, पण कसलं? कुठल्यातरी परदेशी दुकानाच्या कुठल्यातरी अवाढव्य यंत्रणेचा एक कोपरा. दहा वर्षं ती तो कोपरा घासत होती आणि तिनं केलेलं काम वापरणारं एकही माणूस तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सासू तर सगळ्यांना सांगायची, आमची सून दिवसभर टाइप करते. म्हणून केंद्राचं काम आलं तेव्हा प्रीजाला मनापासून आनंद झाला. हे आपल्या माणसांचं, आपल्या डोळ्यांसमोरचं.

पहिल्या बैठकीला ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढून घेऊन आली. समोर सौदामिनीचेची, रिक्षावाले बापुट्टीक्का, म्हणजे बापुट्टीदादा, आणि वरच्या डोंगरावरून आलेली कार्यकर्ती लिसी. मधे परिप्पुवड्यांची, म्हणजे डाळवड्यांची, परडी.

“सगळा प्रश्न डेटाबेस कुठला घ्यायचा हा आहे,” प्रीजा म्हणाली. “डेटाबेस म्हणजे आपली वहीच समजा. एक प्रकार असा की वही एकाच जागी असते. लिहायचं तर तिथे पोचायला लागतं, नेटवर्क लागतं. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाच्या फोनात वहीची एक प्रत. नेटवर्क असो नसो, तुम्ही लिहा. नेटवर्क आलं की सगळ्या प्रती आपसात बोलतात आणि एक होतात.”

“हा दुसरा चांगला आहे,” लिसी लगेच म्हणाली. “आमच्याकडे फोन लागायला चर्चच्या पायऱ्यांवर यावं लागतं. तिथे आधीच सगळी तरुण मंडळी प्रेमाचं बोलत बसलेली असतात.”

बापुट्टीक्का म्हणाले, “खाली चिऱ्याच्या खाणीतही तेच. खड्ड्यात उतरलं की फोन म्हणजे नुसता आरसा.”

सौदामिनीचेचीनं वडा मोडला, पण तोंडात टाकला नाही. “आणि बोलून एकमत झालं नाही तर?”

“कुणाचं, चेची?”

“तुझ्या प्रतींचं. आपसात बोलतात म्हणालीस ना. आम्ही चार भावंडं तेवीस वर्षं बोलतोय, एका फणसाच्या झाडावर एकमत नाही.”

सगळे हसले. प्रीजाही हसली. “ते आपोआप होतं, चेची. त्यात भांडण नाही.”

“असं!” चेची म्हणाली. “मग माझ्या भावांना पण त्यात घाल.”

प्रीजानं मनात एक शेरा मारून टाकला, की बाईचा जीव वहीत अडकलाय. एकोणीस वर्षांची सत्ता आहे, सुखासुखी कोण सोडेल? आणि हा शेरा मारला की पुढचं काही ऐकावं लागत नाही. आपण सगळेच करतो हे.

तिनं दुसरा प्रकार घेतला. तो बसवताना एका ठिकाणी प्रश्न आला होता: दोघांनी एकाच वस्तूवर वेगवेगळं लिहिलं तर कुणाचं धरायचं? खाली उत्तर आधीच निवडून ठेवलेलं, ‘ज्यानं नंतर लिहिलं त्याचं’. प्रीजानं तो प्रश्न वाचला. वाचला नाही असं नाही. पण चार मशीन, नऊ कार्यकर्ते, एवढंसं गाव. इथे कोण कशाला एका वेळी एकाच मशीनवर लिहायला बसतंय? तिनं ते होतं तसं राहू दिलं आणि पुढे गेली.

दीड महिना सगळं असं सुरळीत चाललं की विचारू नका. फोन उघडला की सामानाची यादी. मोकळ्या वस्तूपुढे हिरवा ठिपका, गेलेल्या वस्तूपुढे लाल. लिसी डोंगरावरून, बापुट्टीक्का रिक्षातून, जो तो जिथल्या तिथे लिहायचा. डॉक्टरांनी प्रीजाची पाठ थोपटली. वही कपाटात गेली. पेन तेवढं दोरीला लटकत राहिलं, आणि चेची त्याच्याशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चहा द्यायला लागली.

मार्च निम्मा झाला, मीन महिना लागला. ऊन असं की खाणीतली लाल धूळ रस्त्यावर येऊन झाडांच्या पानांवर बसलेली. त्या खाणीच्या कडेला वेलायुधन राहायचे. जन्मभर चिरे कापले त्यांनी, आणि ती धूळ आता छातीत बसली होती. चार पावलं चालले की दम, दोन वाक्यं बोलले की दम. घर त्यांचं स्वतःचं, भिंतीतला एकूण एक चिरा त्यांच्या हातचा. बापुट्टीक्का दर मंगळवारी त्यांच्याकडे जात. वेलायुधनांचं मागणं एकच होतं आणि ते दर मंगळवारी तेच मागत. “मला इथनं हलवू नका. काय व्हायचं ते या भिंतीत होऊ दे. मोठ्या दवाखान्यात काचेच्या आत ठेवतात. ही बाहेर, मी आत. तसं नको.”

घरी राहायचं तर आता ऑक्सिजनचं मशीन हवं, असं त्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले. आणि मंगळवारी सकाळी तीन नंबरच्या मशीनपुढे हिरवा ठिपका लागला.

अकराला बापुट्टीक्का खाणीकडे उतरले. वेलायुधन भिंतीला टेकून बसलेले, बायको कार्त्यायनी शेजारी. बापुट्टीक्कांनी फोन काढला. तीन नंबर हिरवं. तिथल्या तिथे त्यांनी वेलायुधनांचं नाव घातलं, ठिपका लाल झाला, आणि ते म्हणाले, “वेलायुधेट्टा, काम झालं. संध्याकाळी पाचला मशीन घेऊन येतो.”

“शब्द?” वेलायुधनांनी विचारलं.

“शब्द.”

आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी, वर डोंगरावर, लिसी अन्नम्माच्या खाटेशी बसली होती. अन्नम्मा ब्याऐंशीची, ओठ निळे पडलेले. लिसीनं फोन काढला. तिच्या फोनाला खाणीतलं काय ठाऊक? तिथे तीन नंबर अजून हिरवंच. तिनं अन्नम्माचं नाव घातलं.

दुपारी दोघं नेटवर्कमध्ये आली. प्रती आपसात बोलल्या. एक नाव अकराचं, एक अकरा वीसचं. नंतरचं धरायचं, असं ठरलेलंच होतं. वेलायुधनांचं नाव पुसलं गेलं. घंटी वाजली नाही, निरोप गेला नाही, काही नाही. तीनला जीप मशीन घेऊन डोंगर चढली.

साडेचारला बापुट्टीक्का केंद्रात आले तर मांडणी रिकामी.

त्यांनी फोन बघितला. पुन्हा बघितला. मग प्रीजाला फोन लावला. आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. “प्रीजा, मोळे, पोरी, मी लिहिलं होतं गं. माझ्या हातानं लिहिलं होतं. माझं लिहिलेलं गेलं कुठं?”

प्रीजाला नीट ठाऊक होतं ते कुठं गेलं. कुठंच गेलं नव्हतं. तिनंच ‘होतं तसं राहू दे’ म्हटलेल्या एका ओळीनं ते टाकून दिलं होतं.

बापुट्टीक्का खाणीकडे रिकाम्या रिक्षानं गेले, पण त्यांना पोचायला साडेसहा झाले, कारण आधी ते दुसरं मशीन कुठे मिळतं का म्हणून तीन गावं फिरले. ते पोचले तेव्हा वेलायुधन बोलण्याच्या पलीकडे गेले होते. शेवटी त्याच रिक्षात घालून त्यांना तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. काचेच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीजा केंद्रात आली ती ओरडा खायच्या तयारीनं. आपण म्हणतो ना, एकदाच काय ते बोलून टाक बाई आणि मोकळी हो, तसं तिला झालं होतं. पण सौदामिनीचेचीनं चहा पुढे केला आणि म्हणाली, “साखर घातलीय. पी.”

“चेची, तुम्ही म्हणाला होतात.”

“मी फणसाबद्दल बोलले होते.” चेचीनं पडवीकडे मान केली. “त्याच्याशी बोल आधी. कालपासून जेवला नाहीये.”

बापुट्टीक्का पडवीच्या कठड्यावर बसले होते. प्रीजा शेजारी बसली. “इक्का, चूक माझी आहे. दोघांनी एका वेळी लिहिलं तर काय, याचा मी विचार केला नाही.”

“ते तुझं तुला,” बापुट्टीक्का म्हणाले. “मी वेगळाच विचार करतोय. एकोणीस वर्षांत मी असा शब्द कधी दिला नव्हता कुणाला. का दिला नव्हता?”

“का?”

“वही होती ना! माणूस तोंडाकडे बघायचा, मशीन आहे का म्हणून. मी म्हणायचो, वहीला विचारून सांगतो. त्याच्या घरी परत गेल्यावर ‘नाही’ सांगायची वेळ आली तरी ते ‘नाही’ वहीचं असायचं, माझं नाही. आता फोनात हिरवा ठिपका आहे आणि समोर त्याचे डोळे आहेत. त्या डोळ्यांसमोर कोण म्हणेल, थांबा, बघतो? जीभ तरी रेटेल का तसं म्हणायला? तुझ्या ठिपक्यानं माझी सबबच काढून घेतली, मोळे.”

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. वहीपर्यंत जायला लागणारा वेळ हा प्रीजानं दोष म्हणून धरला होता, आणि पहिल्या दिवसापासून तोच काढायच्या मागे लागली होती.

दुपारी दोघं दवाखान्यात गेली. कार्त्यायनीअम्मा काचेच्या दाराबाहेर बाकावर बसली होती, पायाशी पेजेचा डबा, झाकण तसंच लावलेलं. प्रीजा तिच्यासमोर उभी राहिली. वाटेत तिनं खूप वाक्यं जुळवली होती, एकही आठवेना.

“कार्त्यायनीअम्मा, ती फोनातली यादी मी बनवली. इक्कांनी यांचं नाव लिहिलं होतं. माझ्या यादीनं ते पुसलं. इक्कांचा काही दोष नाही.”

कार्त्यायनीअम्मानं तिच्याकडे बघितलं. “मशीन दुसऱ्या कुणाला गेलं?”

“हो. वर डोंगरावर. म्हाताऱ्या आहेत, ब्याऐंशीच्या.”

“तिलाही लागत होतं?”

“हो.”

“मग गेलं तर गेलं. तिचाही श्वासच आहे.” मग एकदम तिचा आवाज चढला. “पण तुमच्यापैकी एकानं येऊन सांगायचं तरी! दुपारपासून मी कपाट सरकवून जागा केली. दोनदा पुसली. शेजारून वायर आणली, बोर्ड आणला. हे रस्त्याकडे डोळे लावून. रिक्षाचा आवाज आला की म्हणायचे, आला बघ बापुट्टी. चारला म्हणाले, साडेचारला म्हणाले, पाचनंतर तर दर मिनिटाला. आडवे व्हा म्हटलं तर होईनात, तो आला की मी बसलेला दिसलो पाहिजे म्हणाले. वाट बघायला श्वास लागत नाही का गं? होता नव्हता तो सगळा त्यात गेला.”

बापुट्टीक्कांनी तोंड फिरवलं.

“नाही म्हणाला असतात,” ती म्हणाली, “तर मी त्यांना दोन उशा देऊन निजवलं असतं. नाही ऐकायची सवय आहे आम्हाला. चांगली सवय आहे.”

प्रीजा घरी आली आणि तिनं ती यादी बंद केली. सासूनं विचारलं, जेवतेस का, तर नाही म्हणाली. मग स्वतःच्याच ‘नाही’चा आवाज ऐकून तिला रडू फुटलं. सासू घाबरली बिचारी, तिला वाटलं मस्कतहून काही बातमी आली.

आता कुठला डेटाबेस घ्यायचा हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून आला. पण या वेळी प्रीजानं गुणांची यादी काढली नाही. किती वेगवान, किती मोठा, किती प्रती, काही नाही. तिनं एकच विचारलं: ज्याला मशीन मिळणार नाही त्याला हा ताबडतोब आणि स्पष्ट ‘नाही’ म्हणेल का?

असा एक होता. अगदी छोटा, एका फायलीत मावणारा. ऑफिसात त्याची थट्टा चालायची, कारण त्याच्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो. एक लिहीत असला की दुसऱ्यानं दारात थांबायचं. मोठ्या दुकानांना ते कसं परवडणार? प्रीजानंही थट्टा केली होती. केंद्राच्या जुन्या संगणकावर तो बसवताना तिची नजर सहज टेबलाकडे गेली. पेन दोरीला लटकत होतं. चेचीचं लक्ष होतं.

“काय बघतेस?”

“तुमची दोरी.”

“ती पेन चोरीला जाऊ नये म्हणून नाही बांधलेली,” चेची म्हणाली. “सगळ्यांना वाटतं तसं. पहिल्याच वर्षी एकानं पेन खिशात टाकून वही घरी नेली होती, जेवताना लिहीन म्हणून. इकडे मी कोऱ्या कागदावर दुसरंच लिहिलं. एक खुर्ची दोन दारांत कबूल. तेव्हा बांधली.”

“मग हे बैठकीत का नाही सांगितलंत?”

“तू चित्रं काढून आणली होतीस, बाई. केवढी खूश होतीस. मलाही नाही म्हणता आलं नाही.”

प्रीजानं कपाळावर हात मारून घेतला आणि दोघी हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा.

नवी यादी उभी राहिली. तिच्यात हिरवा ठिपका नव्हता. फोनात फक्त ‘विचारा’ असं एक बटण. विचारलं की केंद्रातल्या त्या एकाच फायलीत नोंद व्हायची, आणि उत्तर यायचं: आहे, किंवा नाही, तुमच्या पुढे इतके. लिहिलेली ओळ पुसायची सोयच ठेवली नाही; चूक झाली तर खाली नवी ओळ. लिसी नाराज झाली. “म्हणजे मी पुन्हा चर्चच्या पायऱ्यांवर?” हो, पुन्हा पायऱ्यांवर. प्रीजानं तिला गोड बोलून समजवायचा प्रयत्न केला नाही. हा तोटा होता, आणि तो लिसीच्याच पायांवर पडणार होता.

पहिल्याच दिवशी बापुट्टीक्कांनी वेलायुधनांसाठी विचारलं. उत्तर आलं: नाही, तुमच्या पुढे एक. खालच्या बाजारातली पात्तुम्मा.

आता खरी परीक्षा पुढेच होती. यादी प्रीजानं बनवलेली, किल्ली तिच्याच हातात. दोन ओळींची अदलाबदल करायला तिला अर्धं मिनिट पुरलं असतं. वेलायुधन काचेच्या आत तिच्यामुळे गेलेले. एवढं तरी देणं लागतंच ना आपण? ती म्हणाली, “चेची, मी त्यांना वर घेऊ शकते. कुणाला कळणारही नाही.”

चेची गाद्यांच्या खोळी घडी करत होती. हात थांबले नाहीत. “मलाही येत होतं की. पेन एकोणीस वर्षं माझ्याच हाताशी होतं. माझी आई त्या वहीत तिसऱ्या नंबरवर होती.”

“मग?”

“मग काय? तिसऱ्या नंबरवर मिळालं.”

“वेळेवर?”

“तिसऱ्या नंबरवर मिळालं म्हणतेय ना,” चेची म्हणाली, आणि घडी घातलेली खोळ उलगडून पुन्हा घडी घालायला लागली.

प्रीजानं संगणक बंद केला आणि कार्त्यायनीअम्माला स्वतः फोन लावला. “अम्मा, आज नाही. तुमच्या पुढे एक जण आहेत.”

“एकच?” पलीकडून आवाज आला. “बरं. मग मी पेज पिऊन घेते.”

पात्तुम्माला रविवारी मशीन मिळालं. पुढच्या बुधवारी चर्चच्या पायऱ्यांवरून लिसीचा फोन आला. अन्नम्मा गेली होती. केंद्राची रीत अशी की ज्या घरातून माणूस गेलं त्या घराकडे वस्तू मागायची नाही; घर आपण होऊन आणून देतं, लागतील तितके दिवस लागोत. अन्नम्माच्या मुलानं माती दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जीपची वाटही न बघता तीन नंबरचं मशीन डोक्यावर घेऊन तो डोंगर उतरला.

त्या दिवशी संध्याकाळी वेलायुधन घरी आले. कपाट अजून सरकवलेलंच होतं.

चौथ्या दिवशी प्रीजा त्यांना भेटायला गेली. नाकात नळी, शेजारी मशीनची घरघर, पाठीला त्यांच्या हातचे चिरे. त्यांनी तिला नीट न्याहाळलं. “तूच ती? नाव पुसणारी?”

प्रीजाला जमीन दुभंगावी असं झालं. “हो.”

“आता पुसून बघ,” वेलायुधन म्हणाले, आणि दम लागेपर्यंत हसले. “हलत नाही मी.”

कार्त्यायनीअम्मा कांदा चिरता चिरता ओरडली, “श्वास वाचवा जरा! पाहुणी आली की यांना विनोद सुचतात.”

तेरा दिवस ते घरी होते. चौदाव्या दिवशी सकाळी, उन्हं भिंतीवर आली असताना, कार्त्यायनीअम्माचा हात हातात धरून गेले. दोघं एकाच खोलीत होती.

आणि त्यानंतर चौथ्या दिवशी बापुट्टीक्कांची रिक्षा केंद्रासमोर थांबली. आतून कार्त्यायनीअम्मा उतरली. मशीन पुसलेलं, नळी धुऊन गुंडाळून फडक्यात बांधलेली.

सौदामिनीचेची उठून उभी राहिली. “अगं, सोळावा दिवस तरी होऊ द्यायचा होतास. सुतकात बाहेर कशाला पडलीस? आम्ही मागितलं असतं का?”

“सोळाव्यापर्यंत कुणाचा श्वास वाट बघणार आहे का?” कार्त्यायनीअम्मा म्हणाली. ती खुर्चीत बसली. “लिहा. परत आलं म्हणून लिहा.”

प्रीजानं लिहिलं. वेलायुधनांच्या ओळीला तिनं हात लावला नाही. खाली नवी ओळ घातली. कार्त्यायनीअम्मा वाकून पडद्याकडे बघत होती. “यांचं नाव आहे का अजून?”

“हे बघा. ह्या अन्नम्मा, त्यांच्याखाली हे.”

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि जरा वेळ तसंच राहू दिलं. मग विचारलं, “आता नंबर कुणाचा?”

“हसैनार म्हणून आहेत, पुलापलीकडे. मी त्यांच्या घरी फोन लावते.”

“लाव. पण बोलणार मी.”

प्रीजानं फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडे कुणीतरी बाई होती. कार्त्यायनीअम्मानं अंगावर घेतलेल्या पांढऱ्या मुंडूच्या टोकानं तोंड पुसलं, घसा साफ केला आणि मोठ्यानं बोलायला लागली, फोनवर ती नेहमी बोलते तशी. “हां, मी खाणीवरच्या वेलायुधनांच्या घरून बोलतेय. तुमचं मशीन निघालंय. नाही, नाही, पाचला नाही, आत्ता. रिक्षा उभी आहे, मी स्वतः घेऊन येतेय. त्यांना म्हणावं, वाट बघत बसू नका, आडवे व्हा. तू तेवढी जागा पुसून ठेव.”

मग ती रिक्षात जाऊन बसली, मशीन मांडीशी घट्ट धरून, आणि बापुट्टीक्कांना म्हणाली, “चल की रे, बघतोस काय?”